साक्षीची कुंडी

"तिसरं पान आल्याशिवाय माती दाराबाहेर काढायची नाही."

सासूबाईंनी हे कधी आवाज चढवून सांगितलं नाही. चाळणीवर वाकलेल्या असत, हात चालू असत, आणि मातीलाच सांगितल्यासारखं त्या सुनेला सांगत. "पहिली दोन पानं बी आपल्या शिदोरीवर काढतं. माहेरून बांधून आणलेली म्हण. तिसरं पान आपल्या मातीचं. माती कशी आहे ते तिसरं पान बोलतं, त्याच्या आधीचं सगळं कौतुक."

या घराचा धंदा मातीचा. शेत नाही, गुरं नाहीत. घरामागे लांबट आवार, पत्र्याची शेड, आणि शेडखाली ढीग. पाचोळ्याचं कुजवलेलं खत दोन घमेली, वाळू एक, जुनं शेणखत किंवा लीद एक, भिजवून धुतलेला नारळाचा भुसा अर्धं. असं मिसळून, परतून, चाळून जी माती होई ती रोपवाटिकांना, बागांना, कुंड्या ठेवणाऱ्या घरांना जाई. ढीग तयार झाला की त्यातली ओंजळभर माती एका कुंडीत भरायची आणि तीत घेवड्याचे तीन दाणे लावायचे. ती साक्षीची कुंडी. मागच्या दाराच्या पायरीवर ती असे. सकाळी तिला पाणी घातल्याशिवाय सासूबाई चहाला तोंड लावत नसत. सून आली त्या वर्षीच हा नेम त्यांनी तिच्या हातात दिला, आणि सुनेनं तो बाळंतपणाचे दिवस सोडले तर कधी मोडला नाही.

शेवटच्या आजारात सासूबाईंची नखं पांढरी पडली, पण नखांखालची काळी रेघ गेली नाही. त्या नखांनी त्यांनी सुनेचं मनगट धरलं होतं.

"आणि एवढं करून एखाद्याच्या दारात वाईट माती गेलीच, तर?"

"तर काय, आई?"

"तर ती आपल्या हातानं परत आणायची. दिवसाउजेडी. त्याच्या देखत. मी एकदा आणलीये. विचार यांना."

सासरे पायथ्याशी बसले होते. ते खिडकीकडे बघायला लागले.

"आणीन," सून म्हणाली. आजारी माणसाला म्हणावं तसं नाही, मनापासून म्हणाली. पण तेव्हा ते फार लांबचं वाटलं होतं.

यंदा पाऊस लांबला. जायची वेळ झाली तरी आभाळ गळतच राहिलं. पाचोळ्याचा मोठा खड्डा पाण्यानं भरला, आणि वर्षभर मुरत घातलेलं खत आंबून त्याला गटारासारखा वास सुटला. नवऱ्यानं फावडं खुपसून बघितलं, बाहेर काढलं, नाक वळवलं.

"गेलं हे."

"उन्हात पसरलं तर दोन महिन्यांत सुधारेल," सासरे म्हणाले.

"दोन महिने आपण काय, पाऊस चाळायचा?"

काचमालकाची मागणी आली होती. गावाबाहेरच्या मोठ्या हरितगृहाचा मालक तो. पूर्वी तिथं काचा होत्या, वादळानं फुटल्या, आता सगळीकडे प्लॅस्टिक आहे, पण नाव काचमालकच राहिलं. त्याला टोमॅटोसाठी चारशे काळ्या पिशव्या भरून हव्या होत्या. आणि लगेच हव्या होत्या. रोपं ट्रेमध्ये उंच होऊन माना टाकायला लागली होती.

नवऱ्यानं वाट काढली. पाचोळा कमी, तर लीद जास्त. नेहमीच्या तबेल्यात पुरेशी नव्हती, म्हणून पलीकडच्या तबेल्यातून दोन गाड्या आणल्या. जुनी, काळी, भुसभुशीत लीद होती. सासऱ्यांनी मुठीत दाबून बघितली, वास घेतला.

"वास तर चांगला आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "वास तुझ्या आत्याच्या नवऱ्यालाही चांगला होता."

नवरा हसला. त्या आठवड्यात घरात कोणी हसलं ते तेवढंच.

सहा दिवस तिघं राबली. नवरा ढीग परतायचा. फावडं आत गेलं की वाफ निघायची आणि त्याच्या छातीवरच्या केसांत थेंब धरायचे. सासरे उलट्या खोक्यावर बसून चाळत. उजवा खांदा वर जात नव्हता, म्हणून चाळणीला डावीकडून हिसका देत, आणि प्रत्येक हिसक्याला तोंडातून बारीक 'हं' निघे. सून पिशव्या भरायची. पिशवीचं तोंड गुडघ्यांत धरायचं, घमेलं कलतं करायचं, दोन मुठींनी दाबायचं, जास्त नाही, मुळांना श्वास राहिला पाहिजे. संध्याकाळी तिला बोटं सरळ करायला दुसऱ्या हाताची मदत लागायची. कणीक मळताना मनगटातून कळ निघे आणि ती कळ दातांखाली धरून ती पोळ्या लाटायची.

साक्षीच्या कुंडीत दाणे लावल्याच्या नवव्या दिवशी काचमालकाचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला.

तिन्ही दाणे वर आले होते. प्रत्येकाला दोन दोन पानं, रुंद, टवटवीत.

"तिसरं पान?" सून म्हणाली.

"अगं, दोन पानं बघ की कशी आहेत. तिसरं काय वेगळी बातमी आणणार?"

"पाच-सहा दिवसांचा प्रश्न आहे. लीद नवीन जागची आहे."

"टेम्पोवाल्याला बसव मग पाच-सहा दिवस. चहा दे, जेवू घाल."

टेम्पोवाला ऐकत होता. त्यानं तोंड फिरवून हसू लपवलं. सासरे चाळणी झटकत राहिले. नवऱ्यानं पहिली पिशवी उचलली तशी सुनेनं दुसरी उचलली. सगळ्या पिशव्या चढवायला दुपार झाली. तिनं अडवलं नाही हे खरं, पण चढवल्याही तिनंच, हे ती पुढे विसरू शकली नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी ती तांब्या घेऊन पायरीवर आली. तिसरं पान आलं होतं. एका देठावर तीन दलं, तशीच असतात घेवड्याची. पण तिन्ही दलं आत वळली होती, चमच्यासारखी, आणि शिरा एकमेकींना चिकटून समांतर झाल्या होत्या. देठाला पीळ पडला होता. तिनं तांब्यातलं पाणी घातलं. मग उकिडवी बसून बघत राहिली.

नवऱ्याला दाखवलं. त्यानं कुंडी हातात घेतली, फिरवली. चप्पल घातली आणि तबेल्याकडे निघून गेला. दुपारी परत आला तो थेट मोरीत जाऊन पाय धुवायला लागला. सासरे दारात उभे राहिले.

"काय म्हणाला तबेलेवाला?"

"गवत नव्या कुरणातून घेतो म्हणाला. तिथं गेल्या वर्षी तण मारायला औषध मारलं होतं. रुंद पानाचं तण मरतं, गवताला काही होत नाही. घोड्यालाही काही होत नाही."

"मग?"

"मग काय. घोड्याच्या पोटातून जसंच्या तसं लिदीत येतं. कुजून सुद्धा जात नाही लवकर. त्याला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. मला म्हणाला, तुम्ही विचारलं नाही." नवऱ्यानं पाय पुसले. "टोमॅटोला कदाचित काही होणारही नाही. घेवडा नाजूक असतो."

मग तो पायरीवर गेला, तिन्ही रोपं उपटली, आणि कुंडी ढिगावर उपडी केली.

"कडक ऊन लागलं होतं त्या पायरीवर," तो म्हणाला. कोणाला, ते कळलं नाही.

सुनेनं दुसऱ्या दिवशी उरलेल्या मातीतून तीन कुंड्या भरल्या आणि शेडच्या मागे, रिकाम्या पोत्यांच्या आड ठेवल्या. रोज सकाळी ती तिथं जाऊन त्यांना पाणी घाली आणि मग चहा घेई. तिन्ही कुंड्यांत तिसरं पान वळलेलंच आलं.

तीन आठवड्यांनी काचमालकाचा निरोप आला. नवरा-बायको दोघांनाही बोलावलं होतं.

हरितगृहात शिरल्यावर ओल्या उबेनं अंगाला कपडा चिकटला. रांगाच रांगा काळ्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत टोमॅटोचं रोप, शेंडा पिळलेलं. पानं बारीक, आकसलेली, मूठ वळल्यासारखी. सुनेनं एका रोपाकडे बघितलं आणि मग पायांकडे बघत चालली.

मध्ये काचमालक उभा होता. त्याच्यासमोर पाणीवाली. ती इथली सगळी झाडं पाजायची आणि औषधं फवारायची. हरितगृहाला लागून असलेल्या खोलीत राहायची, एकटी. पन्नाशीची, काटक, पाठीवर पंप वागवून वागवून एक खांदा उतरलेला. पंप तिच्या पायाशी ठेवला होता.

"बाहेरच्या बांधावर तणनाशक मारलं हिनं," काचमालक म्हणाला. "आणि त्याच पंपानं आत फवारलं. बघा काय केलंय."

"पंप तीनदा धुतला साहेब," पाणीवाली म्हणाली. "मी नेहमी तीनदा धुते. सोडा घालून."

"हे शेंडे बघ. तणनाशकाशिवाय असं होतं?" मग तो नवऱ्याकडे वळला. "तुम्ही सांगा. तुमचं घराणं यातलं आहे. मातीनं असं होतं का कधी?"

प्लॅस्टिकच्या छतावर साचलेला एक थेंब सुटला आणि पंपाच्या टाकीवर पडला.

"माती?" नवरा म्हणाला. त्यानं खाली वाकून पिशवीतली चिमूट घेतली, बोटांत चोळली. "आमच्याकडून माती तपासल्याशिवाय जात नाही. वडिलांपासूनची रीत आहे." मग पंप उचलला, झाकण उघडलं, नाकाशी नेला. "वास मारतोय की याला."

"कालही बांधावर मारलंय, म्हणून येतोय वास," पाणीवाली म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती सुनेकडे वळली. "वहिनी, तुमच्याकडे ती कुंडी असते ना, घेवड्याची? तुमच्या सासूबाई मला दाखवायच्या. तुम्ही सांगा. माती बरी होती ना?"

ती माती बरी होती का असं विचारत होती. माती वाईट होती असं म्हणतही नव्हती.

"मला काय कळतं त्यातलं," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

काचमालकानं संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करायला सांगितली. नुकसान भरून मागत नाही, हे उपकार समज, असंही म्हणाला. परतताना नवरा पुढे चालत होता, सून मागे. वाटेत तो एकदा थांबला.

"आपलं दुसरं काही नाही," तो म्हणाला. "माती गेली की संपलं. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग तोंड असं का करतेस?"

तिनं तोंड कसं केलं होतं ते तिला दिसत नव्हतं.

पाणीवालीची गोष्ट गावभर झाली. जिच्या हातानं चारशे रोपं गेली तिच्या हातात पंप कोण देणार? दोन रोपवाटिकांनी तिला फाटकातूनच परत पाठवलं. एकीनं म्हणे विनोद केला, बाई, आमच्या अंगणातलं तण मारायचं असेल तेव्हा बोलावू. ती कोणा लांबच्या भाचीकडे ओसरीवर झोपायची. बारा दिवसांनी ती या आवाराच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा, चाळायचं काम असलं तर द्या. मला पंपाचं काम नको आता."

नवऱ्यानं एकदा सुनेकडे बघितलं. मग म्हणाला, "या. माणुसकी आहे की नाही."

त्यानंतर गावात दोघांचौघांनी त्याचं कौतुक केलं. तो मान खाली घालून ऐके. कौतुकानं लाजल्यासारखा दिसे.

पाणीवाली सासऱ्यांच्या शेजारी दुसऱ्या खोक्यावर बसू लागली. आता ढीग नव्या मातीचा होता. जुना उरलेला नवऱ्यानं एका रात्रीत कुठं नेऊन टाकला ते त्यानं सांगितलं नाही. तिचा हात चाळणीवर लवकर बसला. सासरे तिच्याशी फारसं बोलत नसत. पूर्वी ते चाळताना काहीबाही गुणगुणत, टिंगल करत. आता नुसतं 'हं' तेवढं निघे. दुपारी सून तिला चहा देई. पाणीवाली कप दोन्ही हातांत धरून पिई, आणि पिण्याआधी हात धुवायला जाई. साबण लावून, कोपरापर्यंत. मग परत एकदा. सून मोजायला लागली होती. तीनदा धुवायची.

एके दिवशी सुनेनं विचारलं, "एवढे कशाला धुता, ताई? मातीच तर आहे."

पाणीवाली हातांकडे बघत राहिली. पाण्यानं बोटांची टोकं सुरकुतली होती.

"तीनदा धुतला होता वहिनी मी तो पंप," ती म्हणाली. "मला पक्कं आठवत होतं. सोडा कुठून आणला, बादली कुठली, सगळं. पण आता पडल्यापडल्या आठवते ना, तर दोनदाच दिसतो. परवा तर एकदाच दिसला." तिनं हात पदराला पुसले. "एवढी सगळी माणसं म्हणतात तर मीच विसरले असेन. वय झालं. चारशे रोपं हो. लेकरासारखी होती."

चाळणीचा हिसका थांबला. सासऱ्यांनी चाळणी मांडीवर ठेवली होती. सुनेनं त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीकडे बघायचे तसे आज कुठंच बघत नव्हते. समोर सुनेकडेच बघत होते.

ती उठली. शेडच्या मागे गेली. पोती बाजूला केली आणि तिन्ही कुंड्या एकावेळी पोटाशी धरून आणल्या. ओली माती लुगड्याला लागली. तिनं त्या पाणीवालीच्या पायांपाशी ठेवल्या, एकीशेजारी एक.

पाणीवाली वाकली. तिनं एक वळलेलं पान बोटावर उचलून घेतलं, जसं ताप बघायला कोणी हनुवटी उचलावी. बराच वेळ तसंच धरलं.

"यांना पंप लागला नाही," सून म्हणाली. "नुसतं पाणी घातलं मी. रोज."

"कोणती माती ही?"

"तुमच्याकडे आली ती."

"कधीपासून माहीत होतं?"

"यांनी तुमच्या पंपाचा वास घेतला ना, त्याच्या आधीपासून."

पाणीवालीनं पान सोडलं. ते परत आपल्या जागी गेलं, तसंच वळलेलं. ती रडेल असं सुनेला वाटलं होतं. किंवा शिव्या देईल. तिनं चाळणी झटकली, त्यातले खडे बाजूला टाकले, चाळणी भिंतीला टेकवून ठेवली. खोक्यावरचं आपलं फडकं घडी केलं.

"तुमचा चहा प्यायले मी," ती म्हणाली. "बावीस दिवस."

दाराशी गेल्यावर ती वळली.

"तीनदाच धुतला होता," ती म्हणाली, आणि गेली.

त्या संध्याकाळी नवऱ्याला कळलं. त्यानं कुंड्या पायरीवर बघितल्या. पूर्वी होती त्याच जागी, उघड्यावर.

"आत घे त्या."

"नाही."

"तुला काय वाटतं, तो तिला परत घेईल? तो तुझं तोंडही बघायचा नाही. आणि इथून पुढे कोण माती घेईल आपल्याकडून?"

"नाही घेणार कदाचित."

"मग? बाबा, तुम्ही सांगा हिला."

सासरे भिंतीला पाठ लावून बसले होते. "तुझ्या आईनं आणली होती तेव्हा मी गेलो नव्हतो बरोबर," ते म्हणाले. "सुताराच्या बागेतून. सोळा खेपा केल्या तिनं, सगळी गल्ली दारात उभी. मी आत चाळत बसलो होतो. मोठ्यानं चाळत होतो, ऐकू येऊ नये म्हणून." त्यांनी खांदा चोळला. "त्यानंतर वर्षभर कोणी माती नेली नाही. एवढंच मला सांगता येतं."

नवऱ्यानं दोघांकडे बघितलं आणि उठून गेला. जेवलाही नाही.

सुनेला रात्री एकच गोष्ट सुचत राहिली. कुंड्यांना पाणी घालायचा नेम तिनं एक दिवस चुकवला नव्हता. ज्या दिवशी पदर ओढून घेतला त्या दिवशीसुद्धा नाही. पाणी घालून, चहा पिऊन, मग ती गेली होती.

सकाळी ऊन शेडच्या पत्र्यावर यायच्या आधीच ती उठली; पण निघायला ऊन यायची वाट बघितली. दिवसाउजेडी, असं ठरलं होतं. तिन्ही कुंड्यांना पाणी घातलं. चुलीवर चहा होता, तो तिनं सासऱ्यांसाठी झाकून ठेवला, स्वतः घेतला नाही. कुंड्या घमेल्यात ठेवल्या. फावडं घेतलं.

सासरे मागून आले. त्यांच्या हातात जुन्या धडप्याची वळलेली चुंबळ होती, मातीनं काळी पडलेली, मध्ये डोक्याच्या आकाराची दबलेली. त्यांनी ती सुनेच्या हातात दिली. डोक्यावर ठेवायला त्यांचा खांदा वर जात नव्हता.

"चारशे पिशव्या आहेत," ते म्हणाले.

"आहेत."

नवरा ढिगाजवळ पाठमोरा उभा होता. फावडं मातीत रोवलेलं, हात दांड्यावर. तिनं चुंबळ डोक्यावर बसवली, घमेलं वर चढवलं, मान सावरली. गल्लीत दारं उघडायला लागली होती. कोणीतरी विचारलं, "काय गं, सकाळी सकाळी कुठं?"

"माती आणायला," ती म्हणाली, आणि हरितगृहाच्या रस्त्याला लागली.